हाक आधी, वंशावळ नंतर : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची बखर आणि तिचे अस्सल कागद

१/२४
शिवकालातील एखादा प्रसंग कोणी बखरीच्या आधारे सांगितला, की महाराष्ट्रातील तरुण इतिहासप्रेमी तत्काळ विचारतात : अस्सल कागद कुठे आहे? वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला; तेव्हापासून ही शिस्त मराठी मनात मुरत आली. मात्र हीच पिढी संगणकाच्या वर्गात बसली, की समोर येईल ती बखर निमूटपणे वहीत उतरवून घेते. हा धागा तशाच एका बखरीविरुद्ध आहे.

२/२४
बखर अशी : क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू. ‘प्राणी’ हा मूळ पुरुष, ‘कुत्रा’ आणि ‘मांजर’ त्याचे वंशज. एक भुंकतो, दुसरे म्याँव करते. चार आधारस्तंभांच्या व्याख्या पाठ कराव्यात, वंशावळ काढावी, गुण घ्यावेत. जावा किंवा सी प्लस प्लस शिकवणाऱ्या कितीतरी पुस्तकांचा आरंभ याच कथेने होतो. एका क्लासमधून दुसऱ्या क्लासच्या मेथडला हाक कशी मारायची, हा प्रश्न तेथे व्याकरणातील किरकोळ बाब म्हणून कोपऱ्यात पडतो.

३/२४
या क्रमाची किंमत विद्यार्थी मोजतो. अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनहून शिकायला गेलेला मुलगा व्याख्या अचूक लिहितो, वंशावळ सुबक काढतो. परंतु दोन क्लास लिहून त्यांना एकमेकांशी बोलते करायची वेळ आली, की त्याचा हात थांबतो. आपलीच बुद्धी तोकडी, असा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः ज्या प्रश्नापाशी तो अडला, त्याच प्रश्नातून ही सारी पद्धत जन्माला आली. त्याला उत्तरापासून दूर ठेवले ते उलट्या सांगितलेल्या इतिहासाने.

४/२४
पहिला कागद ओस्लोचा. तेथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ‘सिम्युला’ या भाषेचे काम हाती घेतले. नीगार्ड यांची घडण ‘ऑपरेशनल रिसर्च’ या शाखेतील. रांगा कुठे तुंबतात, खिडक्या किती असाव्यात, यंत्रे रिकामी का राहतात, हे या शाखेचे प्रश्न. प्राण्यांचे वर्गीकरण हा त्यांचा विषय कधीच नव्हता.

५/२४
तो प्रश्न समजून घ्यायला ओस्लोला जाण्याचे कारण नाही. रायगडच्या किनाऱ्यावर, उरण तालुक्यात, २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. तेथे येणारे जहाज नजरेसमोर आणावे. त्याला वाट दाखवणारा पायलट हवा, ओढून लावणारी टग हवी, धक्क्यावर जागा हवी, कंटेनर उचलणारी क्रेन हवी, ते ठेवायला आवार हवे. यांतील प्रत्येकाची स्थिती निराळी, कामाचा क्रम निराळा, आणि प्रत्येकजण दुसऱ्यावाचून अडलेला.

६/२४
असे बंदर संगणकात उभे करायचे, तर त्या काळची रूढ रीत एकाच मोठ्या कारभाऱ्याची होती. माहितीचे तक्ते एकीकडे, त्यांवर चालणाऱ्या कृती दुसरीकडे, आणि सगळ्यांचे सगळे ठाऊक असलेला मुख्य प्रोग्रॅम मध्यभागी. क्रेनचा नियम बदलला, तर त्या कारभाऱ्याची अर्धी वही खोडावी लागे. डाल आणि नीगार्ड यांनी मांडणी फिरवली : प्रत्येक घटकाने आपली माहिती आणि आपली कृती स्वतःपाशी ठेवावी, आणि गरज पडेल तेव्हा दुसऱ्याला सांगावे.

७/२४
आता बखरीच्या नायकाकडे, म्हणजे वारशाकडे. इन्हेरिटन्सची कल्पना त्यांना १९६६-६७च्या हिवाळ्यात सुचली. त्यांच्यापुढचे उदाहरण होते पुलावरच्या टोलनाक्याचे. नाक्यावर वाहनांची रांग आहे. रांगेत ट्रक आहेत आणि बसही आहेत. दोन्ही भिन्न, तरी रांगेच्या दृष्टीने सारखीच. ही हकीकत त्या दोघांनी १९७८ साली स्वतः लिहून ठेवली. ती आठवणीवर आधारलेली आहे, हे खरे. पण क्लास आणि सबक्लास यांवरचा त्यांचा निबंध मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या परिषदेत मांडला गेला. तो समकालीन कागद आहे.

८/२४
या कागदांवरून जे दिसते, ते बखरीला अडचणीचे आहे. रांगेत उभे राहायचे, तर पुढचा कोण आणि मागचा कोण हे सांगता आले पाहिजे. हा गुण ट्रकलाही हवा, बसलाही हवा. तो प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावा लागू नये, म्हणून सामाईक भाग एका क्लासमध्ये ठेवून इतर क्लास त्याच्यापुढे जोडायची युक्ती निघाली. वारसा जन्मला तो रांगेत उभे राहण्यासाठी. कोण कोणाच्या कुळातला, हे ठरवणे त्याच्या जन्मवेळी कोणाच्या मनात नव्हते.

९/२४
सिम्युला ६७ मध्ये आणखी एक सोय आली : व्हर्च्युअल प्रोसिजर. नाक्याने ‘टोल भरा’ अशी एकच हाक द्यायची. ट्रकने आपल्या रीतीने ऐकायचे, बसने आपल्या. समोर कोणते वाहन आहे, याची चौकशी नाक्याने करायची नाही. परीक्षेत ज्याला पॉलिमॉर्फिझम म्हणून पाच गुणांची व्याख्या लिहितात, ते एवढेच आहे. यातही मुख्य गोष्ट हाकच. वंशावळ तिच्या सोयीसाठी.

१०/२४
त्याच भाषेत ते प्रसिद्ध टिंबही आले. एका ऑब्जेक्टच्या आतून दुसऱ्याच्या आतील नावापर्यंत पोहोचण्याला सिम्युलाच्या परिभाषेत ‘दूरस्थ’ प्रवेश म्हणत. हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या ऑब्जेक्टची मेथड बोलावणे म्हणजे आपल्या घरातले भांडे उचलणे नव्हे. ती शेजारच्या दारावरची थाप आहे. दार कोणाचे, हे आधी माहीत हवे.

११/२४
हे दार रायगडच्या किनाऱ्यावरच शोधावे. मुंबईचा भाऊचा धक्का आणि अलिबागजवळचा मांडवा यांच्यामध्ये २०२० पासून रो-रो बोट चालते. मोटारी आणि प्रवासी एकत्र नेते. प्रोग्रॅममध्ये दोन क्लास कल्पावेत : ‘धक्का’ आणि ‘बोट’. धक्क्यापाशी ‘रिकामा आहे की नाही’ ही नोंद असते, ती प्रायव्हेट. ‘जागाद्या’ ही त्याची मेथड, ती पब्लिक. बोटीला किनाऱ्याला लागायचे आहे.

१२/२४
नवशिक्या लिहितो :
धक्का.जागाद्या(बोट);
आणि कंपायलर अडवतो. तो योग्यच अडवतो, कारण प्रश्न उरतो : कोणता धक्का? ‘धक्का’ हे जातीचे नाव आहे. जागा देणारा धक्का एक तर मांडव्याचा असेल, नाही तर भाऊचा. म्हणून ओळ अशी हवी :
मांडवा.जागाद्या(बोट);
टिंबाच्या डावीकडे कोणाला, उजवीकडे काय, कंसात कशासह. ‘एका क्लासने दुसऱ्या क्लासला बोलावणे’ ही बोलण्याची सोय झाली. प्रत्यक्षात एक ऑब्जेक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टला हाक मारतो.

१३/२४
याला अपवाद आहे, तोही कारणासह समजून घ्यावा. सागरी मैलाचे किलोमीटर करायचे असतील, तर १.८५२ने गुणायचे, त्यासाठी कोणत्याही विशिष्ट धक्क्याची वा बोटीची आवश्यकता नाही. अशी मेथड ‘स्टॅटिक’ ठेवतात आणि तिला क्लासच्या नावाने बोलावतात. पण कंपायलर गप्प बसावा म्हणून ‘जागाद्या’लाच स्टॅटिक करणे, म्हणजे मांडवा आणि भाऊचा धक्का यांची नोंदवही एक करणे. एक भरला की दुसराही भरलेला दिसणार.

१४/२४
दुसरी चूक याहून फसवी. मांडव्याचा ठावठिकाणा हाती नाही, म्हणून नवशिक्या बोटीच्या आतच ‘न्यू’ लिहून एक धक्का तयार करतो आणि त्याला हाक मारतो. प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, जागा मिळाल्याचा निरोपही येतो. मात्र बोट लागली ती तिनेच नुकत्याच बांधलेल्या, जगात दुसऱ्या कोणालाही न दिसणाऱ्या धक्क्याला. खऱ्या मांडव्याची नोंद जशीच्या तशी. दोन बोटी आल्या, तर दोन्ही आपापल्या काल्पनिक धक्क्यावर सुखाने उभ्या.

१५/२४
खरा उपाय ठावठिकाणा हाती देण्याचा आहे. त्याला रेफरन्स म्हणतात. बोट जन्माला येतानाच कन्स्ट्रक्टरमधून तिला मांडव्याचा रेफरन्स द्यावा, किंवा ‘किनाऱ्यालालाग’ या मेथडच्या कंसातून द्यावा. जो कोणी बोट आणि धक्का दोघांनाही ओळखतो, त्याने त्यांची गाठ घालून द्यायची. हा ठावठिकाणा दिलाच नाही, तर टिंबाच्या डावीकडे शून्य उरते आणि नलपॉइंटर एक्सेप्शन येते. हे शून्य १९६५ साली टोनी होअर यांनी भाषेत आणले, आणि २००९ मध्ये ती आपली फार महागात पडलेली चूक असल्याचे जाहीरपणे सांगितले.

१६/२४
दुसरा कागद कॅलिफोर्नियाचा. ॲलन के हे गणित आणि जीवशास्त्र शिकलेले. १९६६ मध्ये युटा विद्यापीठात त्यांची सिम्युलाशी गाठ पडली. त्यांना त्यात पेशी दिसल्या : प्रत्येकीला आपले कवच, आतले व्यवहार झाकलेले, बाहेरच्यांशी संबंध केवळ संदेशांतून. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७२ पासून त्यांनी, डॅन इंगल्स यांनी, आणि पुढे ॲडेल गोल्डबर्ग यांनी ‘स्मॉलटॉक’ घडवली. तेथे ३ + ४ हासुद्धा ३ला पाठवलेला ‘+ ४’ हा संदेश होता.

१७/२४
‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हा शब्द के यांचाच. आणि याच के यांनी १९९८ मध्ये या नावाबद्दल खेद व्यक्त केला. ‘ऑब्जेक्ट’ या शब्दामुळे लोकांचे लक्ष गौण गोष्टीवर खिळले, मूळ कल्पना संदेशांची होती, असे त्यांनी लिहिले. नामकरण करणारा माणूस नाव चुकले म्हणतो आणि पाठ्यपुस्तके त्याच नावाचा शब्दशः अर्थ लावून वस्तूंच्या याद्या करत बसतात. मराठ्यांच्या इतिहासात असा पुरावा सापडला असता, तर त्यावर व्याख्यानमाला झाल्या असत्या.

१८/२४
मग बखर रुजली कशी? बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडले. १९८३ मध्ये तिचे नाव सी प्लस प्लस झाले. १९९५ मध्ये जावा आली. भाषा कारखान्यांतून आणि कार्यालयांतून वर्गात पोहोचल्या. वर्गाला हवी होती फळ्यावर मावणारी आकृती आणि प्रश्नपत्रिकेत बसणारी व्याख्या. वंशावळ स्थिर असते, म्हणून फळ्यावर मावते. हाक काळात घडते. ती दाखवायला प्रोग्रॅम चालवावा लागतो. सोयीने सत्यावर मात केली.

१९/२४
येथे दोन आक्षेप येतील. पहिला : वारसाही सिम्युलातलाच, मग त्याला गौण का म्हणावे? त्याला हद्दपार करा असे कोणी म्हणत नाही. तो कशासाठी आला हे सांगा, एवढीच मागणी आहे. दुसरा : नवशिक्याला सोपे उदाहरण हवे. कुत्रा-मांजर सोपे वाटते, कारण त्यात काही घडतच नाही. त्या वंशावळीत कुत्रा मांजराला कधीच काही विचारत नाही. जेथे कोणी कोणाला विचारत नाही, तेथे या पद्धतीची गरजच काय?

२०/२४
हाकेचे मोल जाणण्यासाठी याच किनाऱ्याचा इतिहास उपयोगी पडतो. अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांचा या समुद्रावर दरारा होता. अलिबागचा कुलाबा किल्ला त्यांचे ठाणे. व्यापारी गलबताने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे. ते नसेल, तर गलबत पकडले जाई. पोर्तुगीजांनी त्याआधीच ‘कार्ताझ’ या परवान्याने हीच रीत चालवली होती. मुंबईकर इंग्रजांनी आंग्र्यांचा हा अधिकार मानला नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले; तो हल्ला फसला.

२१/२४
दस्तकाचे काम काय होते? तपासणाऱ्या गलबतावरील माणसाला व्यापाऱ्याची पेढी पाहावी लागत नसे. व्यापाऱ्याला कुलाब्याचे दफ्तर उघडावे लागत नसे. दोघांमध्ये ठरलेला एक कागद, ठरलेला प्रश्न आणि ठरलेले उत्तर. आतला कारभार बदलला, तरी कागद तोच राहू शकत होता. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी सॉफ्टवेअरसाठी हेच तत्त्व मांडले : जे बदलण्याचा संभव आहे ते आत झाका, बाहेर केवळ स्थिर करार ठेवा. पब्लिक मेथड म्हणजे तो करार.

२२/२४
मात्र येथे लगाम हवा. कान्होजींनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत शोधली, असे उद्या कोणी या दाखल्यावरून म्हणू लागला, तर तीही बखरच होईल, आणि पहिलीहून वाईट. ओस्लोत दस्तकाची वार्ता पोहोचली नव्हती. साम्य इतकेच, की एकमेकांच्या अंतरंगाविषयी अनभिज्ञ असलेल्या पक्षांना व्यवहार करायचा असेल, तर सीमेवर ठरीव भाषा लागते. आरमाराला ती लागली, प्रोग्रॅमलाही लागते. पूर्वजांचा मान राखायला खोट्या वंशावळीची गरज नाही.

२३/२४
हाकेलाही मर्यादा असते. मोटारवाल्याला तिकिटाचे पैसे परत हवेत, तर त्याने खिडकीत हात घालून गल्ला उघडावा काय?
खिडकी.गल्ला.रोकड.कमीकरा(रक्कम);
ही ओळ नेमके तेच करते. उद्या गल्ल्याऐवजी ऑनलाइन भरणा आला, की ती मोडणार. त्याऐवजी :
खिडकी.परतावाद्या(तिकीट);
बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ मध्ये यावरून ‘डिमीटरचा नियम’ निघाला : जवळच्याशीच बोला, त्याच्या घरातल्यांशी परस्पर व्यवहार करू नका. कोकणातील कोणत्याही वाडीत हा शिष्टाचार शिकवावा लागत नाही.

२४/२४
न्हावा-शेवा सुरू झाले त्याच १९८९ साली याच जिल्ह्यात, लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. बंदर आणि विद्यापीठ दोन्ही दाराशी असलेल्या किनाऱ्यावरच्या मुलांना कुत्र्या-मांजराची वंशावळ पुरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन ऑब्जेक्ट काढावेत, मध्ये एक बाण, आणि तीन प्रश्न विचारावेत : हाक कोणाला? काय म्हणून? आणि त्याचा ठावठिकाणा कोणी दिला? वारसा, स्तंभ, व्याख्या त्यानंतर येऊ द्याव्यात. ज्यांना अस्सल कागदाची गोडी आहे, त्यांच्यासाठी डाल-नीगार्ड यांची १९७८ची आणि के यांची १९९३ची हकीकत, दोन्ही उपलब्ध आहेत. कर्त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास समोर असताना बखर पाठ करण्याचे कारण उरत नाही.